अपंग मुलाचा भत्ता आणि टॅक्स क्रेडिट

अपंग मुलासाठी मिळणारा भत्ता उत्पन्नात धरला जाऊन इतर सरकारी मदत कमी होईल, अशी धास्ती पालकांना वाटू शकते. इंग्लंड व वेल्समध्ये वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. तेथील 'डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स' उत्पन्न मानला जात नाही. किंबहुना तो मंजूर झाला की कुटुंब वाढीव साह्यास पात्र ठरते.

एप्रिल २००३ मध्ये सुरू झालेल्या 'चाइल्ड टॅक्स क्रेडिट'मध्ये अशा मुलांसाठी वेगळी रक्कम होती. मात्र भत्ता एका खात्याकडून मिळे, तर क्रेडिट महसूल खात्याकडून. या दोन खात्यांमधील माहितीची देवाणघेवाण विस्कळीत झाल्याने सुमारे २८ हजार कुटुंबे या रकमेला मुकल्याचे २०१६ मध्ये उघडकीस आले. काहींचे नुकसान वर्षाला ४,४०० पौंडांपर्यंत होते. थकबाकी मात्र एप्रिल २०१६ पासूनचीच मिळाली. त्याआधीची रक्कम बुडाली.

टॅक्स क्रेडिट ५ एप्रिल २०२५ रोजी संपुष्टात आले. त्याच्या जागी आलेल्या 'युनिव्हर्सल क्रेडिट'मध्येही अपंग मुलासाठी वाढीव रकमेची तरतूद आहे. एका खात्याला ठाऊक असलेली बाब दुसऱ्यालाही ठाऊक असेल, असे गृहीत न धरता भत्तामंजुरीचे पत्र येताच पालकांनी ते स्वतः कळवणे हिताचे ठरते.