दैत्यांचे दप्तर

शिकागोतील एका विमा कचेरीत जोखमीची आकारणी करण्यात ज्यांची काही वर्षे गेली आणि ती नोकरी सुटल्यावर ज्यांनी जोडे सांधून संसार चालविला, त्या गॅरी गायगॅक्स यांनी मिनेसोटातील डेव्ह आर्नेसन यांच्यासह रचलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ च्या प्रारंभी विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या सरोवराकाठच्या गावातून प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच्या अवघ्या एक हजार प्रती काढल्या होत्या. एका पेटीत तीन पुस्तिका, एवढाच त्याचा सरंजाम. एकाने कथानकाची सूत्रे हाती घ्यावीत, इतरांनी योद्धा, मांत्रिक अशी एकेक भूमिका पत्करून बोलण्यातूनच ती वठवावी आणि जेथे निकाल लागेना तेथे फाशांचा कौल घ्यावा, अशी ही रीत. तीनपैकी दुसरी पुस्तिका दैत्यांना व त्यांनी राखलेल्या धनाला वाहिलेली होती, आणि माझ्या मते या खेळाचा जीव तिच्यातच आहे.

हे दैत्य प्राचीन पुराणांतून थेट आले असावेत असा सकृद्दर्शनी ग्रह होतो. परंतु त्यांचे दप्तर उलगडू लागले की पुष्कळांचा दाखला विसाव्या शतकातील स्वस्त कथामासिकांत आणि अद्भुत कादंबऱ्यांत सापडतो. गायगॅक्स यांनी हे ऋण लपविले नाही; १९७९ च्या सूत्रधारासाठीच्या ग्रंथाला त्यांनी आपल्या स्फूर्तिदात्या लेखकांची यादीच परिशिष्टादाखल जोडली.

त्या यादीत पॉल अँडरसन यांच्या ‘थ्री हार्ट्‌स अँड थ्री लायन्स’ या कादंबरीचे नाव आहे. १९५३ साली मासिकातून आणि १९६१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या या कथेत दुसऱ्या महायुद्धातील एक डॅनिश अभियंता शार्लमेनच्या दंतकथांच्या जगात जाऊन पडतो व तेथे त्याची एका ट्रोलशी गाठ पडते. उत्तरेकडील लोककथांतला ट्रोल डोंगरातला अवाढव्य, मंदबुद्धी, उन्हाने दगड होणारा. अँडरसनचा ट्रोल याहून निराळा. त्याचे अवयव तोडले तरी ते सरपटत येऊन घाव घालीत राहतात, जखमा आपोआप भरून येतात, आणि अग्नीवाचून त्याला मरण नाही. जरासंधाच्या शरीराची शकले पुन्हा जुळून येतात हे पाहून हतबुद्ध झालेला भीम आपल्या परिचयाचा आहे. तीच धास्ती या प्रसंगात आहे. खेळाने हा ट्रोल उचलला आणि त्या धास्तीचा चक्क जमाखर्च मांडला: घाव बसल्यानंतर तिसऱ्या फेरीपासून दर फेरीला तीन गुण या हिशेबाने त्याचे प्राणबळ भरून येई, आणि ते थांबविण्यास अग्नी किंवा आम्लच लागे. आकड्यांनी भय मरते असे कोणी म्हणेल. येथे मात्र ते आकड्यांनीच टिकले, कारण मेलेला ट्रोल उठून बसताना पाहून मशालीकडे धाव घेणारा खेळाडू कादंबरीतील नायकाच्याच मनःस्थितीतून जातो.

सर्वांच्या वाट्याला असे भाग्य आले नाही. ए. ई. व्हॅन व्होग्ट यांची ‘ब्लॅक डिस्ट्रॉयर’ ही कथा ‘अस्टाउंडिंग’ मासिकाच्या जुलै १९३९ च्या अंकात आली. तीतील कर्ल हा खांद्यांतून शुंडा फुटलेला मांजरासारखा काळा प्राणी एका उजाड ग्रहावर, नामशेष नगराच्या अवशेषांत, भुकेने व्याकूळ होऊन भटकत असतो. तो अतिशय बुद्धिमान आहे आणि माणसांचे यान उतरताच त्यांना फसविण्याचे बेत मनात रचतो. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत त्याच्याच धाटणीचा प्राणी आला. शुंडा राहिल्या, पायांची संख्या सहा झाली, आणि असेल तेथून काही हात दूर भासण्याची विद्या त्याला नव्याने मिळाली. पण ती भूक आणि ते एकाकीपण सरहद्दीवरच राहून गेले. ही हानी मला फार वाटते, कारण कर्लची कथा वाचणाऱ्याला त्याची भीती आणि कीव एकाच वेळी येते.

लॉर्ड डनसेनी यांनी १९१२ च्या एका कथेत ‘नोल’ नावाचे जीव आणले, पण त्यांचे रूप मात्र वाचकाच्या कल्पनेवर सोडले. खेळाच्या दुसऱ्या पुस्तिकेत डनसेनींच्या नावाचे अक्षरही चुकले होते. पुढे १९७७ च्या दैत्यकोशात याच जीवांना तरसाचे तोंड लाभले. टॉल्किनच्या कथासृष्टीतील हॉबिट, एंट व बॅलरॉग यांच्या मालकीहक्काचा कज्जा निघाला व त्यांना नवी नावे द्यावी लागली. ऑर्क मात्र वाचला, कारण तो शब्द टॉल्किननेच जुन्या इंग्रजीतून घेतला होता.

या दप्तरात आपलेही एक नाव आहे, आणि त्याची वाट सर्वांत चमत्कारिक. १९७४ च्या अखेरीस अमेरिकन दूरचित्रवाणीवरील ‘कोलचॅक’ या मालिकेच्या एका भागात शिकागोच्या ज्यू वस्तीतील वृद्धांना एक राक्षस खात सुटतो. ज्याच्यावर आपला विश्वास, त्याचेच रूप घेऊन तो समोर येतो. एक वृद्ध हिंदू गृहस्थ रक्षणार्थ भिंतींवर स्वस्तिके काढतात आणि त्या वस्तीत ती नाझींची खूण समजली जाते. राक्षसाला मरण येते ते अभिमंत्रित बाणाने. वर्षभरात हा राक्षस खेळाच्या नियतकालिकात अवतरला, बाणाच्या त्याच अटीसह. दैत्यकोशात डेव्हिड ट्रॅम्पिअर यांच्या चित्राने त्याला वाघाचे तोंड दिले, आणि जगभरच्या खेळाडूंच्या मनात तेच रूप कायम झाले.

आपल्या महाकाव्यांतील माया त्यात खरोखरच उतरली आहे. सुवर्णमृग झालेला मारीच आणि रामाच्या आवाजात त्याने मारलेली हाक यांचे वर्म शिकागोच्या त्या गल्लीत ओळखू येते. परंतु वाल्मीकींचा बिभीषणही राक्षसच, आणि कर्णाची अमोघ शक्ती आपल्या छातीवर झेलून अर्जुनाला वाचविणारा, पडतानाही देह वाढवून कौरवसेनेचा चुराडा करणारा घटोत्कचही हिडिंबेच्या पोटचा राक्षसच. दैत्यकोशात राक्षसांची जात सरसकट दुष्ट म्हणून नोंदली गेली. गायगॅक्स यांनी त्या परिशिष्टाच्या आरंभी आपल्या वडिलांचे कृतज्ञ स्मरण केले आहे. लहानपणी ते त्यांना इच्छा पुरविणाऱ्या म्हाताऱ्यांच्या व जादूच्या अंगठ्यांच्या गोष्टी रचून सांगत. घटोत्कचाची गोष्ट त्या मुलाला कोणी सांगितली असती, तर ती त्याने किती तन्मयतेने ऐकली असती, हे मनात आल्यावाचून राहत नाही.