पापणीआडचं वय

साठी ओलांडली आणि वरच्या पापण्या डोळ्यांवर उतरू लागल्या. ‘वहिनी, झोप झाली नाही का?’ शेजारीण रोज विचारते. नेत्रतज्ज्ञ म्हणाले, जादा कातडी काढता येते. मात्र जास्त कापली गेली तर डोळा पुरता मिटत नाही, कोरडा पडतो. या शस्त्रक्रियेचं ‘ब्लेफरोप्लास्टी’ हे नाव जर्मनीच्या फॉन ग्रेफे यांनी १८१८ मध्ये वापरलं, तेही कर्करोगाने गेलेली पापणी पुन्हा घडवण्यासाठी. तरुण दिसण्यासाठी नव्हे!

आता माझी दृष्टिक्षेत्राची तपासणी व्हायची आहे. कातडीमुळे वरची नजर अडत असेल तर तो उपचार. नाहीतर नुसती हौस, आणि पैसे पेन्शनीतले. हौसेत वाईट काय, असं लेक म्हणते. मला मात्र, खरं सांगायचं तर, नजर अडलेलीच निघावी असं वाटतंय.