गाडी वेशीवर ठेवायची आणि शहरात बसने जायचं

आपल्यापैकी बऱ्याच जणी सासवड, दिवे या भागातून पुण्याला जातात. कुणी अंजीर-सीताफळ घेऊन, कुणी दवाखान्यासाठी, कुणी बचत गटांच्या प्रदर्शनाला. दिवे घाट उतरेपर्यंत ठीक असतं. हडपसर आलं की गाडी मुंगीच्या पावलांनी चालते. गटांच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "हडपसरच्या अलीकडं मोठं मैदान करून गाड्या तिथंच का ठेवायला लावत नाहीत? पुढं बसने जाऊ की."

ताईंनी जे सांगितलं त्याला 'पार्क अँड राइड' म्हणतात. म्हणजे गाडी शहराच्या वेशीवर लावा आणि पुढं बसने किंवा मेट्रोने जा. ऐकायला अगदी सोपं. मग पुण्यासारख्या गर्दीच्या शहरात ते जमत का नाही, आणि जमलं तर आपल्या गावांचं काय होईल, हे आज पाहू.

ही कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड नावाचं जुनं शहर आहे. आपल्या पुण्याच्या पेठांसारखे तिथले मधले रस्ते अरुंद, आणि दोन्ही बाजूंना जुन्या दगडी इमारती. रस्ता रुंद करायचा तर पाडायचं काय? म्हणून १९७३ पासून त्यांनी वेशीवर वाहनतळ केले आणि तिथून बस सोडल्या. पण एवढंच केलं नाही. शहराच्या मध्यात गाड्या लावायला जागा मर्यादित ठेवली, आणि रस्त्यावर बसला आधी वाट दिली. हे सगळं एकत्र केलं म्हणून ते चाललं. आपल्याकडं चर्चा होते ती फक्त वाहनतळाची.

आता जागेचा हिशेब गुंठ्यात करू, तो आपल्याला लगेच कळतो. एक चारचाकी उभी राहायला आणि तिला आत-बाहेर वळायला मिळून साधारण २५ चौरस मीटर लागतात. म्हणजे गुंठ्यात चार गाड्या. एकरात १६०. एका गाडीत बहुधा एक, फार तर दोन माणसं. म्हणजे अख्खा एकर भरला तरी माणसं दोन-सव्वादोनशे. एवढी माणसं चार-पाच बसमध्ये मावतात! शहराच्या कडेला गुंठ्याचा भाव लाखांत आहे. तिथला मालक इमारत बांधायला जमीन देईल, गाड्या उभ्या करायला कशाला देईल? पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली. अशा कडेच्या गावांत मोकळी जागा शोधायला निघालं की नजर जाते गायरानावर. म्हणून हा विषय फक्त शहराचा नाही.

दुचाकीचं तसं नाही. गुंठ्यात तीसेक दुचाकी सहज बसतात. पण दुचाकीवाल्यांना बसमध्ये बसवणं सगळ्यात अवघड, आणि पुण्यात तर दुचाक्याच जास्त. कारण पैशाचं आहे. हडपसर ते शिवाजीनगर जाऊन-येऊन धरा २४ किलोमीटर. दुचाकीला अर्धा लिटर पेट्रोल लागलं तर पन्नासेक रुपये. मागं मैत्रीण बसली की तेच पन्नास दोघींत वाटले जातात. आता गाडी वेशीवर ठेवली असं समजा. बसचं तिकीट एका वेळचं ३० रुपये धरलं तर दोघींचं जाऊन-येऊन १२०, वर गाडी ठेवायचे दहा-वीस. पन्नासच्या जागी १३०-१४० रुपये आणि शिवाय बसची वाट बघणं. कोण ठेवेल गाडी वेशीवर?

आणि आत गेल्यावर गाडी लावायला पैसे पडतात का? रस्त्याकडेला बहुतेक ठिकाणी नाही. पुणे महापालिकेनं २०१८ मध्ये रस्त्यावरच्या पार्किंगला पैसे लावायचं धोरण मंजूर केलं होतं. खूप विरोध झाला. मग आधी पाचच रस्त्यांवर करू असं ठरलं, आणि तेही रखडलं. आत गाडी फुकट लागते तोवर बाहेरचं मैदान रिकामंच राहणार, असं माझं स्पष्ट मत आहे.

बसचंही तसंच. गाडी लावून उतरलेल्या माणसाला बस पाच-सात मिनिटांत मिळाली पाहिजे. ती बस पुढं दुचाकींच्याच गर्दीत अडकणार असेल तर गाडीवाला म्हणणार, मग मीच अडकतो की, निदान माझ्या गाडीवर तरी बसेन. म्हणून बसला वेगळी वाट हवी. पुण्यानं २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर अशी बीआरटी सुरू केली होती, देशातला तो पहिला प्रयोग. पण सोलापूर रस्त्यावरची ती वेगळी वाट पुढं मोडीत निघाली. मेट्रो २०२२ मध्ये सुरू झाली. तिला वाहतूक कोंडीचा त्रास नाही, ही मोठी गोष्ट. पण तिची बरीच स्थानकं भर रस्त्यावर, दाट वस्तीत आहेत. तिथं खाली गाडी लावायला जागा कुठून आणणार?

आपल्यासाठी आणखी काही गोष्टी असतात, त्या नकाशावर दिसत नाहीत. डोक्यावर पाटी, हातात दोन पिशव्या आणि कडेवर लेकरू असताना गाडीतून बस, बसमधून रिक्षा अशी चढ-उतार म्हणजे शिक्षाच. संध्याकाळी परत येईपर्यंत वाहनतळावर अंधार, तिथं माणूस नाही, शौचालयाला कुलूप. अशा ठिकाणी एकटी बाई गाडी काढायला जाणार नाही. ती सकाळीच ठरवते, नको बाई, गाडी आतच नेऊ.

आता ज्यासाठी हा विषय घेतला ते सांगते. इंग्लंडमधल्या अभ्यासकांना असं दिसलं की वेशीवरच्या वाहनतळावर येणारे सगळेच आधी गाडीने शहरात जाणारे नव्हते. काही जण आधी आपल्या गावातूनच बसने जायचे. वेशीवर सोय झाली तेव्हा ते गावातून वेशीपर्यंत गाडीने येऊ लागले. म्हणजे शहरातल्या गाड्या थोड्या कमी झाल्या, गावाकडच्या रस्त्यावर वाढल्या, आणि गावच्या बसचे प्रवासी घटले.

हे आपल्याकडं झालं तर? मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास आहे. पण गाडीवाले प्रवासी गेले, बस रिकामी धावू लागली की आधी दुपारची फेरी बंद होते, मग मुक्कामाची गाडी. ज्या घरात एकच गाडी आहे तिथं ती कुणाच्या हातात असते हे मी सांगायला नको. बस गेली की सासूबाईंचा दवाखाना अडतो, मुलीचं कॉलेज अडतं. पास असून उपयोग काय, बसच नसेल तर?

म्हणून मला वाटतं, गाडी शहराच्या वेशीवर सोडण्यापेक्षा घराजवळच सुटलेली बरी. तालुक्याच्या एसटी स्टँडवर नाही तर गावच्या फाट्यावर. आपल्याकडं याला जुना शब्द आहे, सायकल स्टँड! आता तिथं सायकली राहिल्या नाहीत एवढंच. वर पत्रा, रात्री दिवा, पावती, ठरलेला दर, आणि शेवटची बस येईपर्यंत तिथं माणूस, एवढं असलं की दुचाकी तिथं ठेवून एसटीने थेट पुण्यात जाता येतं. मध्ये गाडी बदलायची नाही आणि तिकीटही अर्धं.

फाट्यावर ग्रामपंचायतीची जागा असेल तर असा स्टँड गटालाही चालवता येईल का, हे बघण्यासारखं आहे. पण हिशेब आधी करा. एका गुंठ्यात तीस गाड्या, दिवसाला दहा रुपये धरले तर पूर्ण भरल्यावर ३०० रुपये. सकाळी सहापासून रात्रीच्या बसपर्यंत दोन पाळ्या लागतील. एवढ्यात दोघींची मजुरी निघत नाही. दोन-तीन गुंठे आणि साठ-सत्तर गाड्या असतील तरच बोलायचं. म्हणून आधी आठवडाभर आपल्या फाट्यावर सकाळी आठ वाजता किती दुचाकी उभ्या असतात, त्या कुणाच्या आणि दिवसभर राहतात का, ते वहीत लिहा. पुढच्या बैठकीला वही घेऊन या, ग्रामसभेसाठीचा अर्ज आपण तिथंच लिहू.