हेडफोनच्या पोटातला कापूस

या व्याख्यानमालेत विद्वानांची परंपरा मोठी आहे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीतील पुस्तकांच्या कपाटापाशी. अशा माणसाने कामगारांचे प्रश्न सोडून हेडफोनची दुरुस्ती हा विषय का घ्यावा, असे पुष्कळांना वाटले असेल. त्याचे कारण आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका तंट्यात आम्ही यंत्रमाग कामगारांच्या जबान्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित केल्या होत्या. रात्री हेडफोन लावून त्या मी उतरवून काढीत असे. एका बाईंनी सांगितले होते, ‘साठ जणांची नावे हजेरीपटावर नाहीत.’ मी लिहिले, ‘आठ जणांची.’ बोलणीच्या आदल्या दिवशी एका तरुण कार्यकर्त्याने ती चूक पकडली. एक ‘स’ माझ्या कानातून निसटला आणि बावन्न माणसे कागदावरून नाहीशी झाली. त्या रात्री मला झोप आली नाही.

दोष कोणाचा? अर्धा माझ्या कानाचा. उमेदीची अकरा वर्षे मी मागाच्या खडखडाटात काढली आहेत. अशा गोंगाटाने कान सरसकट बहिरा होत नाही. पहिला घाव बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास पडतो, आणि ‘स’, ‘श’ यांचा मुख्य जोर तेथे व त्याच्या वरच असतो. म्हणून आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाही. घरची माणसे म्हणतात, ‘यांना हवे तेवढेच ऐकू येते.’ ते खरे नव्हे!

उरलेला अर्धा दोष हेडफोनचा. बारा वर्षांपूर्वी मुंबईत लॅमिंग्टन रोडवर घेतलेला तो जोड माझा फार लाडका. त्यावर मी रात्र-रात्र गाणे ऐकले आहे. पण त्याचा खालचा आवाज कोंदट होता, रिकाम्या डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा. खालच्या स्वरांचा असा फुगवटा असला म्हणजे तो वरच्या बारीक ध्वनींना झाकून टाकतो. आपण काय करतो? आवाज वाढवतो. त्याने फुगवटाही वाढतो आणि कानही झिजतो.

हे कशाने होते ते समजून घेऊ. हेडफोनच्या प्रत्येक वाटीत एक पातळ पडदा असतो. त्याला तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे चिकटवलेले असते आणि ते लोहचुंबकाच्या फटीत बसते. वेटोळ्यातून बदलता प्रवाह गेला की पडदा पुढे-मागे हलतो. पुढे ढकललेली हवा कानात जाते हे सर्वांना ठाऊक आहे. पण पडदा मागे येतो तेव्हा वाटीतली हवाही ढकलतो. तो मागचा आवाज जाणार कोठे? प्लॅस्टिकच्या भिंतीवर आपटतो, भिंत थरथरवतो आणि पातळ पडद्यातून पुन्हा कानाकडे येतो. म्हणजे आपण गाणे ऐकतो आणि त्याबरोबर डबाही ऐकतो. आमच्या इचलकरंजीच्या शेडमध्ये पत्र्याचे छप्पर जे करी, तेच ही वाटी करते.

यात नवलाचे असे काही नाही. जवळच्या मिरजेतील तंबोरे पाहा. घोडीवर तारेखाली सुताचा एक धागा सरकवतात. तो केसभर इकडचा तिकडे झाला की जवारी उघडते किंवा मिटते. भोपळा तोच, तार तीच, बदलला तो एक धागा. हेडफोनच्या बाबतीतही बहुतेक काम अशाच फुटकळ वस्तूंनी होते.

मी प्रथम गाद्या तपासल्या. पुष्कळ वेळा दोष तेथेच असतो आणि स्क्रू-ड्रायव्हर उचलावाच लागत नाही. गाणे चालू असताना दोन्ही वाट्या तळहातांनी हलकेच डोक्याशी दाबून पाहाव्यात. खर्ज एकदम भरला तर समजावे की गादीच्या कडेने हवा निसटते आहे. चष्म्याच्या दांड्याही अशी फट पाडतात. माझ्या गाद्यांचे नकली कातडे पापुद्रे सुटून गेले होते. त्या नव्या आणल्या, पण जरा जाड निघाल्या. कान पडद्यापासून लांब गेला आणि सूर पालटला. तेव्हा गादी ही केवळ मऊपणासाठी असते हा माझा समज गेला.

मग वाटी उघडली. माझ्या जोडात गादीखाली चार स्क्रू आहेत. आत दोन केसांसारख्या तारा असतात, त्या ओढल्या की काम संपले, म्हणून वाटी पुस्तकासारखी हळू उघडावी. आतल्या भिंतीला मी मुलांच्या खेळण्यातील तेलकट मातीचा पातळ थर दिला. वजन वाढल्यामुळे भिंत थरथरेनाशी झाली. पोकळीत औषधाच्या दुकानातला कापूस पिंजून सैल भरला. कापूस बारीक लाटा चांगल्या गिळतो. ५००० हर्ट्झची लाट सुमारे सात सेंटिमीटरची असते. १०० हर्ट्झची साडेतीन मीटरच्या जवळ जाते, ती एवढ्याशा कापसाला दाद देत नाही. तेथे कापूस फक्त हवेच्या हालचालीला थोडा अडसर करतो. माझा फुगवटा तेवढ्यानेही उतरला. वाटीच्या मागे बारीक छिद्रे असतात. ती दवाखान्यातल्या कागदी चिकटपट्टीने अर्धी झाकली की खर्ज कमी-अधिक होतो. कोणत्या बाजूला, ते त्या-त्या नगाच्या रचनेवर आहे. ती पट्टी मी तीन वेळा लावली आणि तीन वेळा काढली.

दोन्ही वाट्यांत कापूस सारखा हवा. पहिल्या खेपेस मी अंदाजाने भरला आणि गाणारा डाव्या खांद्यावर जाऊन बसला. शेवटी ओळखीच्या सोनाराकडून दोन्ही बोळे तोलून घेतले. तो अजून हसतो.

खरी अडचण पुढेच आहे. आपण घाम गाळला म्हणजे आवाज सुधारलाच असे मन ग्वाही देते. मनाची साक्ष मी कोर्टातही चालू देत नाही. यावर सोपा उपाय असा की आधी एकच वाटी बदलावी, दुसरी होती तशी ठेवावी, आणि एकाच माणसाचे साधे बोलणे दोन्ही कानांना सारखे देऊन ऐकावे. मग हेडफोन उलटा घालून पुन्हा ऐकावे, कारण आपले दोन कान सारखे नसतात. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि वहीत लिहावी.

ही खटपट काही मी शोधलेली नाही. नॅथानिएल बॉल्डविन याने १९१० च्या सुमारास अमेरिकेतील युटामध्ये आपल्या स्वयंपाकघरातच हेडफोन बनवून तेथील नौदलाला दिले. फॉस्टेक्स या जपानी कंपनीचा टी-५० आरपी हा स्टुडिओतला हेडफोन तर जगभरच्या हौशी लोकांनी इतका उघडला, की अमेरिकेतील डॅन क्लार्क यांच्यासारख्यांनी त्याचे सुधारलेले नग विकून पुढे स्वतःचा धंदा उभा केला.

माझ्या जोडाचे सांगायचे तर त्याच जबान्या मी आता पूर्वीपेक्षा कमी आवाजात ऐकतो. ‘साठ’ मला साठ ऐकू येतो, दहापैकी नऊ वेळा. दहाव्या वेळी दुसऱ्याला ऐकायला देतो. गेलेला कान कापसाने परत येत नाही. राहिलेला राखायचा तर माप हे आहे: जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या मानकात प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास एवढी मर्यादा सुचवली आहे. दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा करायचा, म्हणजे ८३ ला २० तास आणि ८६ ला दहाच.

जाता जाता एक सूचना. नवा, हमीच्या मुदतीतला जोड उघडू नये, हमी जाते. आणि बिनतारी हेडफोनच्या एका वाटीत लिथियमची बॅटरी असते. तिला स्क्रू-ड्रायव्हर टोचला तर ती पेट घेऊ शकते. तसल्या जोडाच्या गाद्या तेवढ्या बदलाव्यात.