जुन्या मोटारसायकलीची झाकलेली साखळी

बंगळूरच्या रस्त्यांवर आजही अशा मोटारसायकली धावताना दिसतात, की ज्यांचे वय त्यांच्या स्वारांपेक्षा अधिक आहे. याचे एक कारण या शहराच्या भूगोलात आहे. येथून नैर्ऋत्येस सुमारे १४५ किलोमीटरवर मैसूर आहे. तेथील आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून जावा आणि पुढे येझदी गाड्या बाहेर पडू लागल्या. तो कारखाना १९९६ साली बंद पडला. पूर्वेस मद्रास, म्हणजे आजचे चेन्नई. तेथे १९५५ साली मद्रास मोटर्स आणि इंग्लंडातील रेडिचची रॉयल एनफील्ड कंपनी यांच्या सहकार्याने एनफील्ड इंडिया उभी राहिली व ‘बुलेट’ आपल्या देशात तयार होऊ लागली. या दोन्ही घराण्यांतील गाड्यांना बंगळूर आपलेसे वाटले. जुलैच्या दुसऱ्या रविवारी, जावा दिनी, येथील शौकीन आपल्या गाड्या घेऊन एकत्र जमतात. जे. सी. रोडवरील दुकानांत सुटे भाग धुंडाळणारी मंडळी तर एरवीही भेटतात.

कोणाच्या घरी ही गाडी वडिलांची आठवण म्हणून जपलेली असते, तर कोणी रोज तिच्यावरूनच कामावर जात असतो. दोघेही टाकी पुसतात, चाकांचे स्पोक चकचकीत ठेवतात, मागच्या चाकाची साखळी ताणून घेतात. परंतु दुसऱ्या एका साखळीची त्यांना बहुधा आठवण राहत नाही, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. कारागीर तिला प्रायमरी चेन म्हणतात. इंजिनाची शक्ती प्रथम तिच्यावरून क्लचकडे जाते, तेथून गिअरपेटीत आणि मग मागच्या चाकास मिळते. ती तुटली, तर उत्तम इंजिन असूनही गाडी जागची हलणार नाही. धावत्या गाडीत तुटून ती अडकली, तर आवरण फुटण्याचा आणि स्वारास अपघात होण्याचाही धोका असतो.

या साखळीवर किती भार पडतो, याचा थोडा हिशेब करून पाहू. भारतीय ३५० घनसेंटिमीटर बुलेटमध्ये इंजिनाच्या दंतचक्रास २५ दात असतात आणि क्लचच्या चक्रास ५६. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर त्या एका मिनिटात ७५,००० कड्या लहान चक्रावरून सरकतात. प्रत्येक कडी वाकते, सरळ होते आणि पुन्हा वाकते. मँचेस्टरच्या हान्स रेनोल्ड यांनी १८८० साली रोलरच्या साखळीचे पेटंट घेतले, ते नेमकी ही झीज कमी व्हावी म्हणून. ती झीज कमी झाली, तरी टळलेली नाही. ‘साखळी ताणली’ असे आपण म्हणतो, तेव्हा पोलाद लांबलेले नसते. प्रत्येक कडीतील पिन व तिच्यावरील बुश यांत अल्पशी झीज होते आणि सर्व कड्यांची मिळून साखळी लांब होते.

सैल साखळी मुक्याने काम करीत नाही. इंजिन मंद चालू असता डाव्या बाजूने खडखड ऐकू येते. थ्रॉटल उघडताना अथवा मिटताना गाडी हिसका देते. दुर्लक्ष केल्यास साखळी आवरणाला आतून घासू लागते आणि तेलात चकाकणारा ॲल्युमिनियमचा चुरा दिसू लागतो. सिग्नलगणिक थांबणाऱ्या व पुन्हा उचल घेणाऱ्या शहरी गाडीस असे हिसके दिवसभर बसतात. म्हणून येथील स्वाराने तेल बदलताना दर वेळी ही साखळी तपासणे इष्ट.

तपासणी अवघड नाही. गाडी मधल्या स्टँडवर उभी करावी. इंजिन थंड असावे, किल्ली काढलेली असावी आणि स्पार्क प्लगही काढून ठेवावा. चालू इंजिनाच्या साखळीजवळ बोट नेणे म्हणजे बोटास मुकणे होय. मुलांनाही त्या वेळी किकपासून दूर ठेवावे. आवरणाच्या वरचे तेल भरण्याचे तोंड उघडून साखळीच्या वरच्या पदराचा मध्य बोटाने वर-खाली करून पाहावा. मग बोट बाहेर काढून किक हाताने थोडी दाबावी आणि पुन्हा पाहावे. असे निदान पाच-सहा ठिकाणी करावे. साखळी सर्वत्र सारखी झिजत नाही. एके ठिकाणी ती सैल लागते, तर दुसरीकडे ताठ. जेथे ती सर्वांत ताठ असेल, तेथे पाव इंच, म्हणजे सुमारे ६ मिलिमीटर खेळ असला पाहिजे. या कामातील हेच मुख्य सूत्र आहे. सैल जागा पाहून साखळी घट्ट केली, तर ताठ जागी ती तारेसारखी ओढली जाते आणि इंजिनाच्या व गिअरपेटीच्या बेअरिंगांवर नको तो ताण पडतो. खडखडणारी साखळी निदान सूचना तरी देते. अतिघट्ट साखळी गुपचूप खर्च वाढवते.

खेळ अधिक आढळल्यास आवरण काढावे लागते. खाली परात ठेवावी, कारण आतील तेल वाहून येईल. जुन्या बुलेटमध्ये ब्रेक डाव्या पायाला असतो. त्यामुळे डावा फूटरेस्ट व ब्रेकची पट्टी आधी बाजूस करावी. आवरण मधल्या एकाच मोठ्या नटाने धरलेले असते. ते निघताच साखळीच्या खालच्या पदराखाली एक वक्र पट्टी दिसेल. लॉकनट सैल करून बोल्ट फिरवला, की ती पट्टी वर येऊन साखळीचा ढिलेपणा घेते. पुन्हा पाच-सहा ठिकाणी खेळ पाहावा, लॉकनट आवळावा आणि आवळल्यावर आणखी एकदा पाहावा. आतील विजेच्या तारांस ओढ बसू देऊ नये.

पट्टी पूर्ण वर येऊनही साखळी सैलच राहिली, तर तिचे आयुष्य सरले असे समजावे. काढलेली साखळी मेजावर सरळ ताणून ३२ कड्या मोजाव्यात. नवी असता ती लांबी १२ इंच भरते. सव्वाबारा इंच भरली, तर साखळी बदलावी. तिला जोडकडी नसल्याने दोन्ही चक्रे एकदमच काढावी लागतात, म्हणून हे काम जाणत्या कारागिराकडून करून घ्यावे. जावाच्या या साखळीस तर ताणण्याची सोयच नाही. तेथे झिजलेली साखळी बदलणे हाच उपाय.

आवरण बसवताना रबरी सील स्वच्छ करावे. ते कडक झाले असल्यास नवे घालावे. गळती थांबावी म्हणून नट बेताबाहेर आवळू नये. त्याने आवरण वाकते आणि गळती मात्र राहतेच. तेल पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचे घ्यावे आणि पातळी दाखवणाऱ्या स्क्रूच्या छिद्रापर्यंतच भरावे. मोटारींसाठी बनवलेल्या काही तेलांतील घर्षण घटवणाऱ्या द्रव्यांमुळे क्लच घसरू लागतो, हे ध्यानात असू द्यावे.

एका सुटीच्या सकाळी हे काम आटोपते. खर्च थोड्या तेलाचा, फार तर एका सीलचा. तेवढ्याने जुन्या यंत्राचे महाग भाग वाचतात आणि घरचे माणूस संध्याकाळी सुखरूप परतण्याची खात्री वाढते. आपल्या घरी अशी गाडी असेल, तर येत्या रविवारी तिच्या डाव्या बाजूस कान देऊन पाहा.