सोसाट्याच्या वाऱ्यात विमान उतरवताना

लहान विमानांचे कितीतरी अपघात उतरताना, अगदी धावपट्टीवर होतात. त्यांत जीवितहानी क्वचितच होते. पंखाचे टोक घासते, पुढचे चाक मोडते, प्रोपेलर वाकतो. बातमीत कारण दिलेले असते ‘जोरदार वारा’. पण वारा एकसारखा वाहत असेल, तर तो कितीही जोराचा असला तरी वैमानिकाला त्याचा अंदाज येतो. घात होतो तो क्षणोक्षणी बदलणाऱ्या वाऱ्याने.

सेसना १७२ हे जगात सर्वाधिक संख्येने बनलेले विमान. चार आसनांचे, सामानासकट साधारण ११०० किलोंचे. ते ६०-६५ नॉटने, म्हणजे ताशी ११०-१२० किलोमीटरने धावपट्टीकडे येते. पंखांना मिळणारी उचल हवेच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्यामुळे ६० नॉटवर असताना समोरचा वारा अचानक १० नॉटने पडला, तर उचल सुमारे ३० टक्क्यांनी घटते. जमीन वीस फुटांवर असेल तर सावरायला उंचीच उरत नाही.

म्हणून वैमानिक थोडा वेग हाताशी ठेवतात. वारा १५ नॉट आणि झोत २५ नॉटचे असतील, तर फरकाच्या निम्मे, म्हणजे ५ नॉट वाढवतात. याहून जास्त वेगही घातक. विमान तरंगत राहते, धावपट्टी संपत येते आणि घाईने ते टेकवले की पुढचे चाक आधी आपटून विमान उसळते.

वारा आडवा असेल तर वाऱ्याकडचा पंख किंचित खाली ठेवून, रडरने नाक धावपट्टीच्या रेषेत धरावे लागते. चाके टेकल्यावरही पंखांत उचल शिल्लक असते, चाकांवर पुरता भार आलेला नसतो. याच वेळी हात सैल सोडला, तर एखादा झोत पंख उचलतो आणि विमान धावपट्टीबाहेर जाते.

प्रवासी विमानेही अशा हवेत जोखमीतच उतरतात. १७ फेब्रुवारी २०२५ रोजी टोरांटोत ताशी ६५ किलोमीटरपर्यंतचे झोत सुटले असताना उतरणाऱ्या सीआरजे-९०० विमानाचे उजवे चाक मोडले, पंख तुटला आणि विमान उलटे झाले. टेकण्याआधी ते मिनिटाला सुमारे ११०० फूट या वेगाने खाली येत होते, असे प्राथमिक तपास अहवाल सांगतो. आतले सर्व ८० जण वाचले.

यावरचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे गो-अराउंड. विमान स्थिर नसेल तर उतरण्याचा नाद सोडून पूर्ण शक्ती द्यायची आणि पुन्हा वर जायचे. तरीही वारा ऐकत नसेल, तर वाऱ्याच्या दिशेला जुळणारी दुसरी धावपट्टी गाठायची. बारामती, धुळे, गोंदियात आपली मुले विमान चालवायला शिकतात. उतरता उतरता पुन्हा वर गेलेल्या विद्यार्थ्याला कुणी भित्रा म्हणू नये, आणि लहान विमानातल्या प्रवाशांनी उशीर झाला म्हणून वैमानिकाच्या मागे लागू नये. माघार घेण्याची मोकळीक वैमानिकाला मिळालीच पाहिजे.