कॉलेजातला खेळाडू आणि त्याची सोय

१९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ही हकीकत आपल्या ऐकण्यातली आहे. पण हेलसिंकीला जायला पैसा कुठून आला? गावकऱ्यांनी वर्गणी काढली, आणि ज्या राजाराम कॉलेजात खाशाबा शिकले तेथील प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर ७,००० रुपयांना गहाण टाकले.

आता प्रत्येक खेळाडूसाठी कोणी घर गहाण टाकावे, असे आपण म्हणणार नाही. म्हणूनच खेळाडूची सोय कॉलेजच्या रोजच्या कारभारातच असायला हवी. ती सोय कोणती, हे खेड्यातल्या पालकांना आणि शिक्षकांना ठाऊक असले, म्हणजे मूल निम्म्यात खेळ सोडत नाही, की शिक्षणही सोडत नाही.

पहिली सोय जिमखान्याची. प्रवेशाच्या वेळी फीमध्ये जिमखान्याची रक्कम घेतात. त्यातून मैदान, साहित्य, सामन्यांचा प्रवास यांचा खर्च व्हावा, अशी अपेक्षा असते. तेव्हा प्रवेश घेतानाच विचारावे : शारीरिक शिक्षण संचालक आहेत का? आपल्या मुलाच्या खेळाचा सराव रोज होतो का? मुलींसाठी कपडे बदलायला स्वतंत्र खोली आहे का? यात संकोच कसला?

दुसरी सोय अभ्यासाची. आंतरविद्यापीठ सामन्यांना गेलेला मुलगा आठ-दहा दिवस वर्गाबाहेर राहतो. इकडे हजेरी तर ७५ टक्के मागतात. खेळाच्या दिवसांची सवलत मिळू शकते, पण ती आपोआप मिळत नाही. जाण्याआधी लेखी अर्ज करावा आणि त्याची एक प्रत आपल्यापाशी ठेवावी. बुडालेले धडे भरून काढायला एखाद्या प्राध्यापकाने आठवड्याला दोन तास दिले, तर तेवढ्याने वर्ष वाचते.

तिसरी सोय पोटाची. पहाटे पाचला धावणाऱ्या मुलीला वसतिगृहाची खाणावळ नऊच्या आधी काही देत नसेल, तर तिचा सराव अंगी लागायचा कसा? महागड्या डब्यातली पावडर हवीच असे नाही. मोड आलेली कडधान्ये, शेंगदाणे-गूळ, दूध, अंडी, भाकरी हे पुरेसे आणि वेळेवर मिळाले पाहिजे.

चौथी गोष्ट दुखापतीची. पाय मुरगळला की लगेच चोळायचा, झटका देऊन बसवायचा, ही आपली जुनी सवय. ती घातक आहे. पाय हलवू नये. फडक्यात बर्फ गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे लावावा, पट्टी बांधावी, पाय उशीवर उंच ठेवावा. पाय टेकवतच नसेल तर डॉक्टरांकडे न्यावे. कॉलेजने जवळच्या दवाखान्याशी आधीच बोलून ठेवलेले बरे.

शेवटी पुढच्या पोटापाण्याचे. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. त्यासाठी क्रीडा खात्याकडून प्रमाणपत्रे तपासून घ्यावी लागतात. ‘खेलो इंडिया’ योजनेत निवडलेल्या खेळाडूंना दरमहा १०,००० रुपये हातखर्चाला देण्याची तरतूद झाली. पण सगळेच काही निवडले जात नाहीत. गुडघा दुखावला की खेळ थांबतो. त्या दिवशी हातात पदवी असली, म्हणजे मूल उघड्यावर पडत नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एवढेच सांगणे आहे, की आपल्या शाळेतून चांगला खेळणारा मुलगा वा मुलगी कॉलेजात जाईल, तेव्हा निकालपत्रकाबरोबर त्याच्या खेळाची प्रमाणपत्रे एका जाड पाकिटात घालून द्या. आणि त्या कॉलेजच्या शारीरिक शिक्षण संचालकांना चार ओळींचे पत्र लिहा. अनोळखी शहरात त्या पोराला विचारणारे एक माणूस तरी पहिल्या दिवसापासून भेटेल.